खाण्याजोगा

मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, म्हणजे पारशी आपले मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करतात त्या जागी, गिधाडे परत आणायची, त्यांच्यासाठी जाळीचे मोठे पक्षीगृह बांधायचे, अशी एक योजना २०१२च्या सुमारास चर्चेत होती. जागा होती. झाडी होती. बंदिस्त जागेत गिधाडांची पैदास करणारे जाणकारही देशात होते. घोडे अडले एका अटीपाशी. मृतदेह ठेवतात त्या दखम्यात येणाऱ्या देहात डायक्लोफेनॅक असता कामा नये. म्हणजे ज्या माणसाचा देह इथे येणार, त्याला शेवटच्या दिवसांत ते वेदनाशामक दिलेले नसावे.

ही अट पुन्हा एकदा वाचा. ती पक्ष्याला घातलेली नाही. माणसाला घातलेली आहे. माणूस खाण्याजोगा आहे का, एवढाच प्रश्न होता. त्याचे खात्रीचे उत्तर कोणालाच देता येईना. मरणाच्या दारातल्या माणसाला दुखत असेल तर डॉक्टर सुई देणार, आणि ती द्यायलाच हवी. पुढे कोणती सुई दिली, कधी दिली, किती दिली, हे दुःखातल्या नातेवाइकांना कोण विचारणार? योजना कागदावरच राहिली.

अन्नसाखळीबद्दल आपण शाळेत जे शिकलो, त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. पुस्तकातले चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. प्रत्येकाकडून पुढच्याकडे एक बाण. बाणाचा अर्थ इतकाच, की अन्न तिकडे जाते. घारीपाशी बाण संपतो. मग परीक्षेत प्रश्न येतो, सर्वोच्च भक्षक कोण? एका गुणाचा प्रश्न. उत्तर घार, वाघ, सिंह. आणि मनातल्या मनात प्रत्येकाचे उत्तर एकच असते. माणूस.

ते उत्तर चूक आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली जगभरच्या आहाराचे आकडे घेऊन माणसाची पोषणपातळी मोजली. वनस्पतींची पातळी एक. नुसता चारा खाणाऱ्या जनावराची दोन. ध्रुवीय अस्वल आणि किलर व्हेल यांची साडेपाचच्या घरात. माणसाची निघाली २.२१. ही डुकराची पातळी आहे. पेरूच्या समुद्रातल्या अँकोव्हेटा नावाच्या बारक्या माशाची पातळी आहे, आणि तो मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. चिरा बाजारात कोळिणीच्या टोपलीत जी मांदेली वाट्यावर विकली जाते, तिच्या शेजारी शास्त्राने आपल्याला बसवले आहे. याचे कारण गूढ नाही. जगातला बहुतेक माणूस भात, गहू, मका खाऊन जगतो. मांस-मासे त्यावर तोंडी लावायला.

पण माझा मुद्दा आपण किती खाली आहोत हा नाही. बाण कुठे थांबतो, हा आहे.

चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ साली साखळी आणि मनोरा या कल्पना रूढ केल्या. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकाने मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यावर काम करून ऊर्जेचा हिशोब मांडला. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावावर आपण शाळेत एकच गोष्ट पाठ करतो, दहा टक्क्यांचा नियम. खालच्या पातळीवरच्या ऊर्जेतली जेमतेम दहा टक्के वरच्या पातळीला मिळते. पण लिंडमनची मूळ आकृती मनोऱ्याची नव्हती. तिच्या मधोमध गाळ आहे. तळ्याच्या तळाशी साचलेला, मेलेल्या सगळ्याचा गाळ. शेवाळ, किडा, मासा, प्रत्येकाकडून एक बाण त्या गाळाकडे येतो आणि गाळातून जीवन पुन्हा वर उठते. दहा टक्के आपल्यापर्यंत पोचले. गाळ पोचला नाही. तो ‘विघटक’ या एका शब्दात गुंडाळून धड्याच्या शेवटी गेला, आणि मधोमध बसला सिंह.

गिरगावातल्या फणसवाडीत उभे राहून हे चित्र पाहावे. फणसवाडीत फणस नाही. पण नाव आहे. आसपासची नावेही तशीच आहेत. केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट, खेतवाडी. गिरगावच्या गल्ल्यांनी साखळीची पहिली पातळी नावांत जपून ठेवली आहे. दुसरीही आहे, गायवाडी. वाड्या गेल्या, चाळी आल्या, आता चाळी जाऊन टॉवर येत आहेत. भाजी आता वाशीच्या बाजारातून ट्रकने येते. तरी साखळी तुटलेली नाही. जेवणाचे उरलेसुरले गटाराकडे जाते. गटारात उंदीर आहेत, घुशी आहेत. जिन्याखाली मांजर आहे. बाजारातल्या माशाच्या आतड्यांवर कावळे आहेत, आणि सगळ्यांच्या वर, चौपाटीकडच्या वाऱ्यावर, घारी आहेत. पुस्तकातले चित्र इथे गॅलरीतून दिसते. नाही ती फक्त त्या चित्रानंतरची गोष्ट.

फणसवाडीपासून डुंगरवाडी सरळ रेषेत अडीच किलोमीटरच्या आसपास. एका वाडीच्या नावात झाड आहे, दुसरीच्या नावात डोंगर. सतराव्या शतकापासून त्या डोंगरावर दखमे आहेत. गिरगावातल्या जुन्या माणसांना मलबार हिलवर घिरट्या घालणारी गिधाडे चांगली आठवतात. मुंबईत शेकडो जाती, डझनावारी धर्मपंथ. कोणी देह अग्नीला देतो, कोणी मातीला. पण आपल्यापासून पुढे जाणारा बाण उघड मान्य करणारा समाज एकच, पारशी. अग्नी, पाणी, माती यांना मृतदेहाचा विटाळ होऊ नये म्हणून देह पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा. त्यांतले अनेकजण याला आयुष्यातले शेवटचे दान म्हणतात. बाहेरच्यांना ही पद्धत ऐकून शहारे येत. खरे तर अन्नसाखळीचा धडा या शहरात कोणी पूर्ण वाचला असेल तर तो यांनीच. माणूस खातो, हे सगळेच मान्य करतात. माणूस खाल्लाही जातो, हे यांनी मान्य केले आणि त्यात पावित्र्य पाहिले.

मराठीने गिधाडाला फार वाईट वागवले. एखाद्यावर गिधाडासारखे तुटून पडणे, हा आपला वाक्प्रचार. तेंडुलकरांना घरातली माणसे एकमेकांना कशी ओरबाडतात हे दाखवायचे होते, तेव्हा नाटकाला नाव मिळाले ‘गिधाडे’. जटायूला मात्र आपण देव्हाऱ्याजवळ नेले. इगतपुरीजवळच्या टाकेदला त्याचे स्थान आहे, तिथे लोक हात जोडतात. तो आकाशातून खाली बघणारा खरा पक्षी, त्याच्या नशिबी शिवी. मी ही तक्रार सहज करत नाही. ज्याचे नाव शिवीसारखे वापरतो, तो नाहीसा झाला तर चौकशी उशिरा होते.

तशी ती झाली. सलीम अली फणसवाडीपासून हाकेच्या अंतरावर, खेतवाडीत वाढले. पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथून या देशातला पक्षी-अभ्यास बदलला. ते १९८७ साली गेले. तोवर गिधाड हा काळजीचा पक्षी नव्हता. उलट पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हा जगातला सर्वांत विपुल मोठा शिकारी-कुळातला पक्षी असावा, असे मानले जाई. पुढच्या दहा वर्षांत सोसायटीच्याच विभू प्रकाश यांना भरतपूरला घरटी रिकामी दिसू लागली. माना खाली घालून फांदीवर बसलेली गिधाडे दिसू लागली, आणि झाडाखाली मेलेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातले पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हजारात एक उरले. लांब चोचीची गिधाडेही शंभरातली सत्याण्णव गेली.

आधी वाटले, साथीचा रोग आहे. कारण सापडले पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. गुरांना दुखण्या-सुजण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. जनावर औषध घेऊन दोन-चार दिवसांत मेले, तर औषध त्याच्या अंगात शिल्लक असते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड बंद पडते. युरिक आम्ल रक्तातून बाहेर पडत नाही. काळीज, यकृत यांच्यावर पांढरी पूड चढते. काही दिवसांत पक्षी मरतो. अँथ्रॅक्सने मेलेले जनावर पचवणारे, अतितीव्र आम्लाचे पोट असलेले गिधाड गाईच्या गुडघेदुखीच्या सुईने मेले.

आणि त्यासाठी सगळी गुरे औषध घेतलेली असण्याची गरज नव्हती. संशोधकांनी हिशोब केला. शंभरात एकाहूनही कमी मढी विषारी असली, तरी एवढी पडझड होऊ शकते. कारण गिधाड एकटे जेवत नाही. एका मढ्यावर पन्नास-शंभर उतरतात आणि तासाभरात हाडे उघडी करतात. एक विषारी बैल पूर्ण थवा मारतो. आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

इथे एक शब्द मला टोचतो. औषध. डायक्लोफेनॅक गुरासाठी औषधच होते. शेतकऱ्याने काही वाईट केले नाही. बैल लंगडतो, डॉक्टर स्वस्तातली सुई टोचतो, बैल उभा राहतो. माणसालाही ती सुई हवीच. औषधाचा विचार आपण एका देहापुरता करतो. दुखणे कोणाचे, गुण कोणाला, एवढेच पाहतो. तो देह पुढे कोणाच्या पोटात जाणार, हे औषधाच्या बाटलीवर कधीच लिहिलेले नसते. अन्नसाखळीत मात्र दुसरे काही मोजलेच जात नाही.

सरकारने २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. लगेच नवी वाट निघाली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. कुपी मोठी, बैलाच्या मापाची. २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरवर आणली. शिवाय केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही गिधाडाला घातक ठरले. गुरांसाठी त्यांवर बंदी यायला २०२३ उजाडले. निमेसुलाइडला त्यानंतर दीड वर्ष लागले. पहिल्या निबंधापासून इथवर वीस वर्षे. एवढ्या काळात गिधाडाच्या जोडीला फार तर वीस अंडी.

आता पिंजोरचा बोकड बघा. हरियाणात पिंजोरला सोसायटीचे गिधाड पैदास केंद्र आहे. तिथल्या गिधाडांना बोकडाचे मांस देतात. तो बोकड बाजारातून आणला की लगेच कापत नाहीत. काही दिवस वेगळा ठेवतात. आधी कोणी वेदनाशामक टोचले असेल तर ते अंगातून निघून जावे म्हणून. मगच तो गिधाडांपुढे जातो. डुंगरवाडीची योजना याच जागी अडली. बोकडाला आठवडाभर वेगळे ठेवता येते. तो कोणाचा बाप नसतो, कोणाची आजी नसते. त्याच्या वेदनेला सुई नाकारली म्हणून कोणी रडत नाही. माणसाला हे कसे करणार? आणि केलेच पाहिजे, असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. शेवटच्या दिवसांत वेदनेने तळमळणाऱ्या कोणालाही औषध नाकारू नये. पण मग स्वतःबद्दलचे एक वाक्य लिहायला हवे, आणि ते पुस्तकात लिहायला हवे. आपण खाण्याजोगे राहिलेलो नाही.

डुंगरवाडीवर आज सूर्यकिरण एकवटणारे आरसे आहेत. गिधाडांचे काम त्यांच्याकडून करून घेण्याचा प्रयत्न आहे. पावसाळ्यात ऊन नसते. घारी आणि कावळे आहेत, पण त्यांची चोच त्या कामाची नाही. वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून प्रार्थनागृह आहे. अनेक पारशी कुटुंबे तिकडे जाऊ लागली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले, अंत्यसंस्कार वरळीला झाले. देशभर ते दृश्य पाहिले गेले. ज्या समाजाने आपल्या पुढचा बाण तीनशेहून अधिक वर्षे या शहरात जपला, त्यातल्या अनेकांना आता विद्युतदाहिनीकडे वळावे लागते. समाजात यावर मतभेद आहेत, ते त्यांचे त्यांनी सोडवायचे. मला एवढेच दिसते, की हा निर्णय धर्मसभेत सुरू झाला नाही. तो गोठ्यात सुरू झाला.

बाकीच्यांना वाटते, हा आपला प्रश्न नाही. आपल्याकडे चंदनवाडीचे स्मशान आहे. पण मोकळी झालेली पातळी रिकामी राहत नाही. गावाबाहेर मेलेले जनावर पडते, त्यावर आता कुत्री उतरतात. कुत्र्याचे पोट गिधाडाचे नाही. ते रोग संपवत नाही, पसरवते. पाण्यात मढी कुजतात. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिथे गिधाडे भरपूर होती आणि जिथे मुळातच कमी होती, अशा जिल्ह्यांची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अंदाज आहे, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. पाच लाख. लंगड्या बैलाच्या सुईपासून निघालेला बाण असा परत आला. पुस्तकात तो काढलेला नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

फणसवाडीत गाय नाही, गोठा नाही. पण औषध आहे. जिन्याखाली उंदीर झाले की आपण दुकानात जाऊन काय मागतो? उंदराचे औषध. विष मागत नाही. मराठीत उंदीर मारायच्या विषालाही औषधच म्हणतात, आणि हे मला मघाच्या शब्दापेक्षाही जास्त टोचते. दुकानदार बहुधा ब्रोमाडिओलोनची वडी देतो. ती खाऊन उंदीर जागच्या जागी मरत नाही. रक्त गोठायचे बंद होते. आतल्या आत रक्तस्राव होत तो काही दिवस जगतो. सुस्त होतो, भरदिवसा उघड्यावर येतो, पळत नाही. म्हणजे सोपी शिकार होतो. मांजर त्याला धरते. कावळा टोचतो. घार उचलते. विष उंदराच्या यकृतात असते, तिथून ते पुढच्या यकृतात जाते. कॅलिफोर्नियाने २०२० साली कायदा करून या जातीच्या विषांच्या वापरावर कडक निर्बंध आणले, कारण ती तिथल्या घुबडांत, ससाण्यांत आणि डोंगरी सिंहांतही सापडू लागली होती. इथे ती वडी किराणा दुकानात मिळते.

पालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांत फिरतात आणि उंदीर ठेचून मारतात. बघायला ते क्रूर वाटते. पण तो उंदीर पुढच्याला मारत नाही. हा फरक चाळीतल्या एकाही माणसाला कोणी समजावून सांगितलेला नाही, आणि तो सहावीच्या मुलालाही समजेल इतका साधा आहे. खाल्ले जाणारे खाण्याजोगे असले पाहिजे. साखळीतली पातळी कितवी, हा नंतरचा प्रश्न.

पाठ्यपुस्तकवाल्यांना एक मागणे आहे. घारीच्या पुढे बाण काढा. वाघाच्या पुढे काढा. माणसाला चित्रात घ्या, कुठल्याही पातळीवर घ्या, आणि त्याच्याही पुढे बाण काढा. त्या बाणाच्या टोकाशी गिधाड काढा, आणि त्याखाली लिहा की १९९२ साली ते या देशात जवळपास सगळीकडे होते.

दुसरे मागणे फणसवाडीकरांना. मूळ रायगड-रत्नागिरीची माणसे इथे पुष्कळ आहेत. गावी अजून गुरे आहेत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावच्या जंगलात, मुरूडच्या फणसाड अभयारण्यात गिधाडे अजून दिसतात, मोजकीच. गणपतीला गावी जाल तेव्हा गोठ्यात एकदा डोकवा. बैलाला, म्हशीला दुखण्यावर कोणती सुई देतात ते विचारा. गुरांच्या डॉक्टरला मेलोक्सिकॅम मागा. ते गुराला गुण देते आणि गिधाडाला मारत नाही, हे तपासून झालेले आहे. ते दुकानात मिळते. आणि परत आल्यावर उंदरासाठी वडी आणू नका. लोखंडी पिंजरा आणा, त्यात सुक्या खोबऱ्याचा तुकडा लावा.